सूट मिळावी म्हणून घेतलेली गाडी

सिंगापुरात त्या काळी नव्या स्पोर्ट्स कारची किंमत कमी होत नसे. फक्त छत्र्या वाढत.

परवा तोआ पायोहला दातांच्या डॉक्टरकडे निघालो होतो, वाटेत एक शोरूम लागलं. दात विसरून आत शिरलो. आतल्या मुलीनं पाण्याची बाटली दिली आणि भिंतीवरचा स्क्रीन दाखवला. "ऑल प्राइस देअर, अंकल." मी सवयीनं विचारलं, "थोडं कमी?" मी गाडी किलोनं मागितल्यासारखं ती माझ्याकडे बघत राहिली. "सेम प्राइस फॉर एव्हरीबडी." सगळ्यांना एकच भाव! समतेवर माझा लहानपणापासून विश्वास आहे, पण ती थेट गाडीच्या भावापर्यंत यायला हवी होती का? बाहेर पडलो तेव्हा दातापेक्षा मिस्टर लिमची आठवण जास्त ठणकत होती.

मिस्टर लिम म्हणजे त्या जुन्या काळातला सेल्समन. मी तेव्हा सेम्बावांगच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर होतो आणि यिशुनला आमचा फ्लॅट होता. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढलो. (हे मी कुणी न विचारताही सांगतो. विचारल्यावर तर जास्तच सांगतो.) माझे वडील, म्हणजे दादा, जालन्याच्या मोंढ्यात पोती वाहायचे. मला डिग्री मिळाली त्या दिवशी ते एवढंच म्हणाले होते, "आता एकदा तुझ्या गाडीत बसव." पुढे आई गेली, मी समुद्र ओलांडला, आणि एक दिवस दादा सिंगापूरला यायला तयार झाले. आता गाडी हवी. आणि गाडी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एकच उभी राहायची: लिमच्या काचेआडची, छप्पर उघडणारी, लालभडक!

"तिला सीटा किती आहेत?" बायकोनं, सुजातानं, विचारलं.

"दोन."

"आणि आपण माणसं किती?"

"अगं, स्पोर्ट्स कारमध्ये माणसं मोजत नाहीत!"

तरी आम्ही गेलो. तिथं गाडीची किंमत म्हणजे तीन मजली इमारत. खाली गाडी, वर कर, आणि त्याच्यावर सीओई, म्हणजे गाडी बाळगायचा सरकारी परवाना. त्याचाही लिलाव! लिमनं सगळे मजले मिळून एकच आकडा सांगितला. मी म्हटलं, कमी करा.

"प्राइस कॅनॉट लाह! बट आय गिव्ह यू मॅट."

"मॅट नको. भाव."

"मॅट अँड लेदर सीट!"

"भाव."

"ओके ओके. मॅट, लेदर सीट, अंब्रेला!"

मग मी जालन्याचं अस्त्र काढलं. उठलो आणि चालू लागलो. दुकानदार दहाव्या पावलाला हाक मारतो, हा मोंढ्याचा नियम. लिमनं दार उघडून धरलं आणि "थँक यू, हॅव अ नाइस डे" म्हणाला! आम्ही सरळ बसस्टॉपवर. सुजाता हसू दाबत होती. एवढ्यात लिम धावत आला. (बघ, म्हटलं!) पण तो माझी विसरलेली टोपी द्यायला आला होता. ती हातात देता देता मात्र इकडे-तिकडे बघून कुजबुजला, "ओल्ड कार आहे का? ट्रेड-इन कर, जुनी देऊन नवी घे. तिचा भाव मी भरपूर लावतो. आमची किंमत कागदावर तशीच, तुझी सूट तुझ्या खिशात. मस्ट कम बाय इटसेल्फ, हां! तिच्या तिच्या पायानं आत आली पाहिजे."

म्हणजे खरी सूट तिथे लपलेली! नव्या गाडीत नव्हे, जुनीत! अडचण एकच. आमच्याकडे जुनी गाडी नव्हती.

म्हणून मी यार्डातल्या पिळ्ळैची एक मरणपंथाला लागलेली पांढरी गाडी विकत घेतली.

"सूट मिळवायला गाडी विकत घेतली?" सुजाता म्हणाली.

"तुला त्यातलं गणित कळायचं नाही."

"ते कुणालाच कळायचं नाही!"

बेत असा होता की दादा आले की पहिल्या रविवारी पांढऱ्या गाडीतून जायचं आणि लालमधून परतायचं. सुजातानं आणि आमच्या लेकीनं, प्रज्ञानं, परतताना एमआरटीनं, म्हणजे मेट्रोनं यायचं. (हा भाग मी घरात अजून सांगितला नव्हता.) दादांना मुळीच काही सांगायचं नव्हतं. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता ना!

रविवारी दादा ब्लॉकखाली आले. पांढरी गाडी बघून थबकले. पायातल्या चपला काढल्या आणि हातात घेतल्या.

"दादा, चपला घालून बसतात गाडीत."

"तू बस घालून."

मग त्यांनी पिशवीतून झेंडूचा हार काढला, आदल्या दिवशी लिटल इंडियात घेतलेला. त्यामागून निघाली शाल. जालन्याहून आणलेली, जाडजूड, लोकरीची. "तुझ्या डिग्रीच्या वक्ताला सत्कार राहिला व्हता," ते म्हणाले, आणि पहिला मान गाडीचा म्हणून ती शाल त्यांनी गाडीच्या नाकाडावर घट्ट गुंडाळली, कडा बॉनेटमध्ये खोचल्या आणि वर हार चढवला.

आता नाकाडावर जाळी असते आणि तिच्यातून इंजिनाला वारा लागतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. थर्मोडायनॅमिक्सला मला फर्स्ट क्लास होता! पण दादा त्या शालीवरून हात फिरवत होते. कुठल्या तोंडानं सांगू, दादा, उष्णता वहनाच्या नियमानुसार तुमचा सत्कार चुकीच्या जागी झालाय?

सगळे निघालो. इंजिनाच्या तापमानाचा काटा चढू लागला. मी त्याच्याकडे बघायचं सोडून दिलं. शोरूमच्या दारातल्या चढावर, लाल गाडी डोळ्यांसमोर असताना, आमच्या सत्कारमूर्तीनं फुस्सकन वाफ सोडली आणि बंद पडली.

"पपा, कार डाय ऑलरेडी लाह!" प्रज्ञा टाळ्या पिटत म्हणाली.

सुजातानं शाल ओढून काढली. दादा शांत होते. "सत्कार झाला की माणसाचं डोस्कंबी गरम हुतं. ही तर गाडी."

लिम धावत आला. वाफ बघितली, अनवाणी दादा बघितले, हार बघितला. मला वाटलं, मेलो! पण म्हातारं माणूस बघून तो विरघळला. "नेव्हर माइंड. अंकल कम सो फार. आय टेक." आणि त्यानं लालची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. खरंच ठेवली! तिचं वजन अजून हातात आहे. मग तो पांढरीकडे वळला आणि तिच्या गळ्यातला हार काढू लागला.

"ह्यो गडी हार का काढायलाय रं?" दादांनी विचारलं.

मी लालची किल्ली मुठीत झाकली.

"पोराची पहिली गाडी हाय म्हणावं. हात नको लावू." त्यांनी बॉनेटवर पंजा ठेवला. पोलादाचा तो पत्रा चांगलाच तापलेला होता, पण पोत्यांनी घट्टे पडलेल्या त्या हाताला काही वाटलं नाही. "तुझी माय असती, तर तिनंबी हात फिरवला असता हिच्यावरून."

एका हातात लालची किल्ली आणि समोर दादा. पलीकडे ती काचेआड उभी, छप्पर उघडं टाकून, आत्ताच चला म्हणत असल्यासारखी.

"सर्व्हिसिंगला आणलीय, दादा," मी म्हणालो, आणि किल्ली लिमला परत दिली.

लिमला मराठी येत नव्हतं, पण सगळं कळलं. त्यानं हार पुन्हा नीट घातला, रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, आतून टाय लावलेले दोन सेल्समन बोलावले, आणि तिघांनी मिळून आम्हाला उतारावरून ढकललं. आठवड्याभरात सीओईचा भाव उसळला आणि लाल गाडी जी गेली ती गेलीच. पिळ्ळैची गाडी परवाना संपेपर्यंत खोकत चालली. दादाही आता नाहीत. कुठं उघड्या छपराची गाडी सिग्नलला थांबली की मी दोन्ही सीटांकडे बघतो. शेजारच्या सीटकडे जरा जास्तच.

जालन्याला परतल्यावर दादांनी मोंढ्यात सांगितलं होतं, "तिकडं गाड्या इकणारे साहेब लोक टाय लावून माझ्या पोराची गाडी ढकलतेत. एवढा वट हाय त्याचा!" मी घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, परदेशातला इंजिनिअर, पण मागच्या वर्षी गावी गेलो, तर चहावाल्यानं कौतुकानं पोराला सांगितलं, "हे बघ, ज्यांची गाडी कधी सुरूच होत नाही, ते साहेब!"