फालेसीच्या रानातले उंदीर

न्चेऊ भागातल्या डोंगरउतारावर फालेसीला लोक आळशी म्हणायला लागले ते तिची पन्नाशी उलटल्यावर. तोवर तिच्याइतकी राबणारी बाई आसपास नव्हती. मका निघाला की सगळं गाव धाटं पेटवून द्यायचं आणि कुदळीनं वरंबे ओढायला लागायचं. एका वर्षी फालेसीनं कुदळ उचललीच नाही. धाटं रानात आडवी अंथरली आणि पेरणीच्या वेळी त्यांच्यातच काठीनं भोकं पाडून मका आणि तूर टोकली.

"काय गं, रानाला अंथरूण घातलंस? निजतेस की काय तिथं?" एनाला नावाची शेजारीण विचारायची.

"मी नाही, रानच निजलंय. उठेल."

उठायला तीन वर्षं लागली. जिच्यावरून पाणी लालभडक होऊन ओढ्याला जायचं ती विटेसारखी माती आता मऊ झाली, हात घातला की मनगटापर्यंत आत जायचा. गांडुळं आली. ऐन जानेवारीत पावसानं ओढ दिली, गावभरचा मका पानं वळून उभा राहिला, फालेसीचा मात्र हिरवा होता. त्या वर्षी एनाला टोपली घेऊन दारात आली आणि फालेसीनं ती भरून दिली.

पण धाटांखाली गांडुळांबरोबर उंदीरही माजले. मीठ लावून वाळवलेला उंदीर आणि मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा असली की तिथल्या माणसाला मटणाची आठवण येत नाही. सुगी झाली की पुरुष माळ पेटवून बिळं खणत हिंडतात. जळक्या माळावर उंदीर कितीसे उरणार? सगळे फालेसीकडे. म्हणून कोरड्या दिवसांत ती बांधावर खोपट घालून आगीपासून राखण करायची.

यंदा लेकीचं, तमंदानीचं, बाळंतपण आलं. पलीकडच्या खोऱ्यात जायचं म्हणून तिनं धाकट्या भावाला, जाइलोसला, खोपटात बसवलं.

"काडीसुद्धा ओढू देऊ नकोस कुणाला."

"तू नातू बघून ये, ताई. मी आहे."

परतताना खिंडीतून तिला रान दिसलं. काळं होतं, या बांधापासून त्या बांधापर्यंत.

जाइलोस खोपटाच्या जागी बसला होता. डोळे सुजलेले. "एकच बीळ होतं, ताई, अगदी कोपऱ्यात. मूठभर गवत पेटवलं. वारा फिरला." मग त्यानं काठीला ओवलेले भाजके उंदीर पुढे केले. "बाळंतिणीसाठी ठेवलेत. तुझा वाटा वेगळा आहे."

फालेसीला ओरडायचं होतं. ती काळ्या रानातून तशीच पलीकडच्या बांधापर्यंत चालत गेली.

तिनं गावप्रमुखाकडे फिर्याद नेली. पण तिथे बाईचं गाऱ्हाणं तिच्या भावानं मांडायचं असतं, आणि तिला भाऊ एकच. जाइलोस निवाड्याच्या झाडाखाली सगळ्यांसमोर उभा राहिला आणि मनापासून बोलला, "माझ्या बहिणीची सहा वर्षांची मेहनत जळाली. ज्यानं जाळली त्याला सोडू नका. तो मीच आहे."

लोक हसले. गावप्रमुखही हसला. "आता दंड कुणाला करू, माई? वाऱ्याला? उंदीर तर आम्ही सगळ्यांनीच खाल्ले." फालेसीनं जाइलोसकडे पाहिलं. त्याला रडू आवरत नव्हतं. ती उठून घरी आली.

मग ती पाचोळा शोधत हिंडली. गावातली धाटं केव्हाच जळून गेली होती. झाडं उरली होती ती फक्त मसणवटीत. तिथे गुडघाभर पाचोळा होता, पण तिथलं पानही कुणी आणत नाही, तिची आई तिथेच पुरलेली होती. ती कडेला उभी राहिली आणि रिकाम्या टोपलीनं परत फिरली.

पाऊस आला. राख ओढ्याला गेली, मागोमाग माती. फालेसीनं कुदळ घेतली. जाइलोस रोज तिच्या आधी येऊन खाली मान घालून खणायचा. एनाला बांधावरून म्हणाली, "आता कसं शेत शेतासारखं दिसतंय!" एनालाला खरंच बरं वाटलं होतं, म्हणून फालेसीनं नुसती मान हलवली.

जानेवारीत पावसानं पुन्हा ओढ दिली. या वेळी तिच्या मक्याचीही पानं वळली. कणसं बोटभर राहिली.

मका काढल्यावर तिनं ती खुरटी धाटं रानात अंथरायला घेतली. वरच्या कोपऱ्यातला एक तुकडा झाकून झाला आणि धाटं संपली. बाकीचं रान उघडंच राहिलं.