ताईंच्या सोळाशे चाळीस खुणा

आमच्या विभागात ताईंना सगळे 'खूणवाल्या' म्हणतात. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, रक्त घ्यायच्या खोलीला लागून, जनुकं वाचायची खोली आहे. तिथे एकाच कोपऱ्यात ताई एकवीस वर्षं बसल्या आहेत आणि त्यांच्या शेजारच्या टेबलाशी मी, रिपोर्ट टाइप करणारी. झालं ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, त्यामुळे ते गोड करून मला सांगता यायचं नाही.

काम असं. यंत्र माणसाच्या रक्तातून जनुकं वाचतं आणि सॉफ्टवेअर ती पडद्यावर रंगीत पट्ट्यांसारखी मांडतं. पट्ट्या सरकवत जायचं. एखादं अक्षर बदललेलं दिसलं की तिथे खूण ठेवायची, म्हणजे बुकमार्क. मग डॉक्टर त्या खुणेवरून थेट त्या जागी पोचतात. बाकीचे तंत्रज्ञ 'नवी खूण १', 'नवी खूण २' असं ठेवून मोकळे होतात आणि आठवड्याने स्वतःच डोकं खाजवत बसतात. ताईंच्या प्रत्येक खुणेला नाव, नावाखाली टीप, आणि सगळ्या खुणा कप्प्यांत लावलेल्या: 'नक्की आजार', 'घराण्यातलं, निरुपद्रवी', 'यंत्राची थाप'. हा शेवटचा कप्पा ताईंची खरी कमाई. काही जागी यंत्र हटकून चुकतं, आणि हे कुठल्या पुस्तकात नसतं, बसून बसून कळतं. "इथे दर वेळी थाप मारतं. घाबरू नका, उलट्या बाजूनेही वाचून बघा," अशा टिपा. एकूण सोळाशे चाळीस खुणा.

मुख्य तंत्रज्ञाची जागा लवकरच रिकामी होणार होती. ताईंकडे पदवी नाही. दाखवायला होता तो हा संग्रहच. निवृत्तीआधी दोन वर्षं तरी या खोलीची प्रमुख म्हणून बसायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

आता धाकटी डॉक्टर. तिला अहो-जाहो करायला माझी जीभ वळत नाही. चार वर्षांपूर्वी आली तेव्हा वरची पट्टी कुठली नि खालची कुठली, इथून सुरुवात होती. ताईंनी तिला हाताला धरून शिकवलं, काही हातचं राखलं नाही. ताईंना मूलबाळ नाही. ती 'मावशी, मावशी' करत मागे असायची आणि ताई विरघळायच्या. ती तापाने पडली तेव्हा रजा टाकून दोन दिवस तिच्या उशाशी बसल्या. अशात एक दिवस ती म्हणाली, "मावशी, तुमच्या खुणांची फाईल द्या ना. घरी बसून अभ्यास करते."

"अगं, त्यात विचारायचं काय? घे की."

मी म्हटलं, "ताई, निदान विभागाच्या मोठ्या डॉक्टरांच्या कानावर तरी घाला." तर माझ्यावरच डाफरल्या, "तुला मेलीला प्रत्येकात चोर दिसतो!" दिसतो खरा. माझा स्वभावच तसा आहे.

तीन महिन्यांनी विभागाचा कार्यक्रम झाला. पडद्यावर 'संदर्भ-खुणांचा नवा संग्रह', आणि खाली धाकट्या डॉक्टरचं नाव. एकटीचं. खुणा त्याच, क्रम तोच, फक्त ताईंची गावठी नावं पुसून टाकलेली. 'थाप' जाऊन तिथे 'अविश्वसनीय वाचन' आलेलं. शेवटी तिने मोठ्या डॉक्टरांचे आभार मानले, आईवडिलांचे मानले, ध्वनिक्षेपक लावणाऱ्याचेसुद्धा मानले. ताई माझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवत होत्या आणि चेहरा पांढराफटक पडला होता. जिन्यात म्हणाल्या, "घाईत विसरली असेल गं."

पुढच्या आठवड्यात मुख्य तंत्रज्ञाची जागा दुसऱ्या विभागातल्या एका पदवीधराला मिळाली. ताईंच्या अर्जावर शेरा होता: 'संग्रहाचे काम डॉक्टरांनी केलेले आहे.' त्या दिवशी ताई प्रसाधनगृहात जाऊन रडल्या. मी बाहेर दार अडवून उभी होते.

मग आमच्याकडे जनुकांचा नवा नकाशा आला. खूण म्हणजे शेवटी पत्ता. गल्लीत मधेच नवी घरं उठली आणि सगळ्यांना नव्याने नंबर दिले, की जुना पत्ता घेऊन येणारा भलत्याचंच दार ठोठावतो. म्हणून ताईंनी प्रत्येक कप्प्याच्या नावापुढे 'जुना नकाशा' असं लिहून ठेवलं होतं. नावं चकाचक करताना हिने तेही पुसलं, आणि अख्खा संग्रह नव्या नकाशावर जसाच्या तसा चढवला. सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही. खुणा बिनबोभाट उघडतात, चुकीच्या जागी.

तिसऱ्याच दिवशी एका तरुणाचा रिपोर्ट माझ्याकडे टायपिंगला आला. त्याचे वडील आणि काका, दोघेही ऐन उमेदीत हृदय बंद पडून गेलेले. तोच दोष याच्यातही होता, पण नेमकी त्यावर 'अविश्वसनीय वाचन' ही खूण येऊन बसली होती. धाकटीने डोळे झाकून 'दोष नाही' लिहिलं होतं. ताईंनी माझ्या हातातला कागद पाहिला, ती जागा पडद्यावर उघडली आणि उठल्याच.

मी हात धरला. "बसा खाली. फुटू दे तिचं बिंग."

"आणि त्या पोराने मरायचं?" हात सोडवून त्या धाकटीकडे गेल्या.

रिपोर्ट बदलला. पण त्याला 'काही नाही' असं तोंडी सांगून झालं होतं. पुन्हा बोलावल्यावर त्याने तक्रार केली आणि चौकशी लागली.

धाकटीने लिहून दिलेलं स्पष्टीकरणाचं पत्र मीच टाइप केलं. माझे हात झडले कसे नाहीत कोण जाणे. 'सदर संग्रहातील सर्व खुणा तंत्रज्ञ बाईंनी गेली एकवीस वर्षे जतन केल्या असून नकाशाची नोंद त्यांच्याकडून राहून गेली.' खाली कबुली म्हणून सही ताईंची हवी होती. पत्र घेऊन धाकटी स्वतः आली.

"मावशी, नुसती औपचारिकता आहे हो. तुमची दोनच वर्षं राहिलीत, तुम्हाला कोण काय करणार? माझं सगळंच अजून पुढे आहे."

ताईंनी पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे खुणा माझ्या आहेत, हे तुला पक्कं ठाऊक होतं."

तिने खिशातलं पेन काढून ताईंपुढे ठेवलं.

"त्या पोराच्या रिपोर्टचं मी येऊन सांगितलं नसतं तर?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून तर खात्री पटली," तिचे डोळे भरून आले होते, "मावशी मला बुडू देणार नाहीत."

हे ती अगदी मनापासून म्हणाली. थोबाडीत द्यावी असं मला वाटलं, ते त्याचमुळे.

ताईंनी सही केली नाही. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "बिनसहीचाच फाईलला लाव." मोठ्या डॉक्टरांनी कुणाच्याच डोक्यावर खापर न फोडता प्रकरण मिटवलं, आणि संग्रहावर नाव आहे तेच राहिलं. ताई आता एकेक खूण नव्या नकाशावर नेत बसतात, कारण रुग्ण यायचे थांबत नाहीत. परवापर्यंत नऊशे झाल्या.

धाकटी डॉक्टर खोलीत आली की ताई खुर्चीवरून उठतात. "या, मॅडम," म्हणतात.

"मावशी, असं काय करता? बसा ना," ती एकदा काकुळतीने म्हणाली.

मॅडम बाहेर पडेपर्यंत ताई उभ्याच होत्या.