केळीच्या पट्टीला लागलेलं वळण

गास गावात माझी छोटी वाडी आहे. केळी, पानवेल, थोडा मोगरा. घरात एक सून आहे, ती केळीच्या खोडापासून मेंदूसारखं शिकणारं यंत्र बनवते. हे दोन्ही खरं. पण तिला ती युक्ती माझ्या विहिरीच्या पाण्यामुळे सुचली, असं गावात बोलतात, ते खोटं आहे. मी गप्प बसलो म्हणून ते टिकलं.

सून जवळच्याच बोळिंजला, इमारतीत वाढलेली, नोकरी प्रयोगशाळेत. घड उतरवला की आम्ही खोड तोडून आळ्यात टाकतो. ती म्हणाली, "बाबा, एक खोड मला ठेवा." त्याचे तंतू ती इतके बारीक करते की केससुद्धा दोरखंड वाटावा. त्यात कार्बनचे तसेच सूक्ष्म धागे मिसळून कागदासारखी पट्टी बनवते. आत सगळं जाळं, कसंही एकमेकांवर पडलेलं.

"वाडीत आपण रोज जिथून जातो तिथे गवत उगवत नाही," तिने सांगितलं. "जाणं थांबलं की परत उगवतं. या जाळ्यात वीज तशी चालते. ज्या वाटेने पुन्हा पुन्हा जाते ती वाट सोपी होते."

"म्हणजे विजेला वळण लागतं."

"हो, वळणच," ती हसली. मराठीत बोलताना ती अजून तोच शब्द वापरते. त्यातला माझा वाटा तेवढाच.

त्या पट्टीला तिने आमच्या पंपाचा आवाज शिकवला. विहिरीचं पाणी खाली गेलं आणि पंप हवा ओढू लागला की पट्टीला जोडलेला बारका दिवा लागतो. सगळं घड्याळातल्या सेलवर चालतं. काम संपलं की पट्टी मातीत कुजते. असल्याच कामाला मोठमोठे संगणक किती वीज खातात हे तिने सांगितलं, तेव्हा मला त्या सेलचं मोल कळलं.

आमच्या दमट हवेत पट्ट्या टिकतात का, हे पाहायला ती काही पट्ट्या घरी आणून पडवीत सुपात ठेवायची. त्या वाळून कडक व्हायच्या, कडा वळायच्या. पानांचे विडे बांधायला आम्ही केळीचं सोपट, म्हणजे खोडाची वाळकी साल, वापरतो. ते कडक झालं की तुटतं, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. मी तिच्या पट्ट्याही विहिरीच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात तशाच ठेवल्या, ती यायच्या आत परत वाळवल्या. चांगलंच करतोय असं वाटत होतं.

आमच्या विहिरीचं पाणी आता खारं झालंय. पट्ट्यांत मीठ गेलं, वीज जिकडे तिकडे धावू लागली, कुठलीच वाट वेगळी राहिली नाही. तिने विचारलं, "बाबा, यांना पाणी लागलं का?"

मी म्हणालो, "नाही."

त्या एका शब्दावर तिने सगळं पहिल्यापासून तपासलं. रसायनं, तारा, स्वतःच्या हातांचा घामसुद्धा. वरिष्ठांनी तिलाच निष्काळजी ठरवलं, तेही तिने ऐकून घेतलं. शेवटी मीठ तिनेच शोधलं. तंतू धुण्याची नवी रीत बसवली, पट्टीवर मेणाचा पातळ थर दिला. आता पावसाळ्यातही पट्टी शिकलेलं विसरत नाही. मीठ कुठून आलं, हे तिला कळलं असणारच. तिने परत विचारलं नाही.

समाजाच्या सभागृहात तिचा सत्कार झाला. ती म्हणाली, "आमच्या विहिरीच्या पाण्याने मला खूप शिकवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि शाल माझ्याही खांद्यावर घातली. मी ती घेऊन खाली बसलो.

परवा शेजारचा मित्र कुंपणावरून म्हणाला, "अरे, तुझ्या विहिरीचं पानी बाटलीत भरून विक. आमची पोरंपन शास्त्रज्ञ होतील."

"त्या पाण्याने तिचं काम बिघडलं होतं," मी म्हणालो. "मी बिघडवलं, वर खोटं बोललो. तिने एकटीने सुधारलं."

तो म्हणाला, "मग शाल रे?"

संध्याकाळी शाल सुनेपुढे ठेवली आणि मित्राला सांगितलं ते तिलाही सांगितलं.  मग शाल उलगडून तिने सुपातल्या पट्ट्यांवर पसरली.

"धूळ फार बसते, बाबा," ती म्हणाली. "ओली मात्र करू नका."