पांढऱ्याचा टॉलरन्स

"लाल रंग मी लावला, कबूल. पण पिवळा कुणी लावला, ते आधी सांगा."

हे मी ओरडत होतो. बाणेरच्या त्या सर्व्हिस सेंटरात सगळे इतकं हळू बोलतात की आत आलेल्या माणसाला वाटावं, कुणीतरी नुकतंच गेलंय. मी उभा जन्म खडकीच्या कारखान्यात काढला, तिथे यंत्रांच्या वर आवाज काढावा लागतो. माझं खासगीतलं बोलणंसुद्धा स्टेशनच्या पलीकडच्या फलाटावरचे लोक ऐकतात आणि कधीकधी उत्तरही देतात.

"काका, आवाज थोडा कमी करता का?" काउंटरमागच्या मॅनेजरबाई म्हणाल्या.

"तुम्ही पिवळा कमी करा. आवाज आपोआप उतरेल."

काउंटरवर आमचा डेस्कटॉप आडवा पडला होता. चपातीसारखा पातळ, आणि किंमत अशी की दुकानदार ती बोलून दाखवायला बाहेरचं दार लावून घेतो. काचेवर माझ्या हातची ठळक लाल फुली. शेजारच्या खुर्चीवर माझी बायको मांडीवर पिशवी घेऊन बसलेली, आणि माझ्याशी आपली ओळख नसल्यासारखी भिंतीवरच्या जाहिराती वाचत होती.

यंत्र तिचं होतं. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली तिने. गॅदरिंगचे पडदे रंगवले, दुसऱ्यांच्या पुस्तकांत आकृत्या काढल्या, पण मुखपृष्ठावर नाव कधी आलं नाही. निवृत्तीनंतर शनिवार पेठेतल्या एका प्रकाशकांनी मुलांसाठी नदीकाठच्या पक्ष्यांचं पुस्तक तिच्याकडे दिलं. चित्रं तिची, मजकूर तिचा, नाव तिचं. अट एकच, चित्रं कॉम्प्युटरवर काढायची, म्हणजे दुरुस्त्या पटापट होतात. म्हणून हा महाराजा घरात आला. खोक्यात खोका, त्यात कापड, त्यात पुन्हा खोका. आमच्या लग्नात नवरीलासुद्धा इतकं सांभाळून आणलं नव्हतं.

बाईने जीव ओतून बगळे काढले. पाणथळीतले, झाडावरचे, म्हशीच्या पाठीवरचे. नमुन्याची छापील पानं तयार झाल्यावर प्रकाशकांनी आम्हाला बोलावून घेतलं आणि पानं पुढे सरकवली.

"ताई, डावीकडचे बगळे ठणठणीत आहेत. उजवीकडचे गारठलेत. स्वेटर घालायचे राहिले का?"

खरंच, प्रत्येक पानावर उजवीकडचा बगळा निळा. प्रकाशक म्हणाले, सोमवारपर्यंत नीट चित्रं द्या, नाहीतर छापखान्यातली जागा दुसऱ्या पुस्तकाला जाईल, आणि तुमचं मग बघू. शनिवार पेठेत 'बघू' म्हणाले की पुन्हा बघायला येऊ नये.

घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "मला तर ते पांढरे दिसत होते."

आता मी कारखान्यात कुठे होतो, तर तपासणी विभागात. माझ्या हातून नापास झालेला माल एकापुढे एक मांडला असता तर लोहगावात विमानांना उतरायला जागा उरली नसती. मी तिला स्क्रीन पूर्ण पांढरा करायला सांगितला, बुद्धपौर्णिमेला घालतो तो पांढराशुभ्र शर्ट कपाटातून काढला आणि काचेला लावून धरला. डावीकडे शर्ट आणि स्क्रीन सख्खे भाऊ. उजवीकडे शर्ट पांढरा आणि स्क्रीनला कावीळ. म्हणजे बाईला उजवीकडचा पांढरा पिवळट दिसे, तो मारायला ती चिमूटभर निळा घाली, आणि छापखान्याला कावीळ नसल्यामुळे तो निळा तसाच्या तसा कागदावर उतरे. दोष यंत्राचा आणि बोलणी खाल्ली हिने.

तक्रार केली, भांडलो, तेव्हा यंत्र बदलून मिळालं. पुन्हा खोक्यात खोका, त्यात कापड. पुन्हा पांढरा स्क्रीन, पुन्हा शर्ट. उजवी बाजू स्वच्छ. कावीळ आता डावीकडे होती. शिवाय बरोबर मधोमध एक काळा ठिपका, चित्रातल्या कुठल्याही बगळ्याला तिसरा डोळा फुटावा असा. मंडईतली पेरूवालीसुद्धा दाबून बघू देते, आणि घरी किडका निघाला तर दोन शिव्या देऊन का होईना, बदलून चांगला देते.

मग मी ते केलं, जे आमच्या विभागातला कुणीही माणूस झोपेतसुद्धा करेल. आमच्याकडे नियमच होता की नापास वस्तू हातातून खाली ठेवायच्या आधी तिच्यावर लाल रंग ओढायचा. नाहीतर जेवणाच्या सुट्टीत ती गुपचूप चांगल्या ढिगात जाऊन बसते. ह्या कंपनीचे ढीग तर मी पाहिलेच नव्हते. मी फाटकाला लावायचा लाल ऑइलपेंट घेतला, ठिपक्यावर फुली मारली, पिवळ्या बाजूला वरपासून खालपर्यंत पट्टा ओढला. हे यंत्र आता पुण्यात दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडणार नाही, ह्या समाधानात मी ब्रश धूत होतो. तेवढ्यात बायको भाजी घेऊन आली. तिने काचेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हे आपलं होतं ना?"

तर आता मॅनेजरबाई तेच जरा लांबवून सांगत होत्या. "काका, हे कस्टमर डॅमेज आहे. काचेवर पेंट आहे. वॉरंटी लागू होत नाही."

"पेंटच्या खालचा दोष आधीचा आहे."

"एखादा ठिपका चालतो. आणि रंगातला एवढा फरक टॉलरन्समध्ये येतो."

हा शब्द त्यांनी माझ्यासमोर उच्चारायला नको होता. टॉलरन्स म्हणजे मापात किती चूक चालेल, त्याची लिहिलेली हद्द. मी त्या हद्दीवर म्हातारा झालो. केसाच्या जाडीएवढ्या फरकासाठी मी साहेबांशी भांडलोय, आणि जिंकलोय.

"किती आहे तुमचा टॉलरन्स?"

"म्हणजे?"

"पांढरा किती पिवळा झाला की तुम्ही त्याला पिवळा म्हणता?"

"ते कंपनी सांगत नाही."

"मग मोजता कशाने?"

"आमचे इंजिनिअर बघतात."

"डोळ्यांनी?"

मॅनेजरबाईंनी काउंटरवरचे कागद सारखे केले.

"म्हणजे एवढ्या पैशांच्या यंत्राची तपासणी घरी नेल्यावर माझ्या बायकोने करायची, फुकट. तिने दोष काढला की तुम्ही म्हणायचं, चालतं. अहो, आम्ही असा माल सोडला असता तर आम्हाला गेटबाहेर काढून वर गेटही धुऊन घेतलं असतं. आणि तुम्ही ह्याला प्रीमियम म्हणून रिबीन बांधता?"

रांगेतल्या एका गृहस्थांनी आपलं खोकं हळूच उघडून आत पाहिलं. एवढाच काय तो माझा विजय. बाईंनी यंत्र दोन बोटांनी माझ्याकडे सरकवलं. "काच बदलून मिळेल, पण चार्ज पडेल. आठवडा लागेल."

सोमवार परवावर आला होता. मी छाती भरून घेतली, पण मागे वळलो तर खुर्ची रिकामी. बायको दाराशी उभी राहून प्रकाशकांशी फोनवर बोलत होती, शाळेत वर्गात बोलायची त्याच आवाजात. "हो, कागदावर. जलरंगात. सगळे बगळे नव्याने. सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी आणून देते." मग पलीकडचं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि फोन पिशवीत टाकला.

मी यंत्र काखेत मारून पायऱ्या उतरलो. ग्राहक मंचात खेचतो म्हणालो, पेपरात लिहितो म्हणालो, पांढरा कशाला म्हणतात ते ह्या लोकांना शिकवल्याशिवाय राहत नाही म्हणालो. बाणेर रस्त्यावरचे दोन कुत्रे उठून दुसरीकडे गेले.

तिने रिक्षाला हात केला आणि आत बसली.

"तुमचं चालू द्या. मला वाटेत कागद घ्यायचेत."