ताण तोडला

बुरशीची मला भयंकर किळस आहे. तरी नशिबी आलं अश्वगंधेचं बी. बारामतीच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत ओला कागद, त्यावर बी, वर झाकण. झाकण उघडलं की आधी आंबूस वास नाकात जायचा, मग ती पांढरी लव दिसायची. त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच परत जायचा.

माझं काम होतं बियांना तहानेनं छळायचं. पाण्यात एक पावडर विरघळवली की पाणी समोर असूनही बियाला ते ओढता येत नाही. बशीतला दुष्काळच म्हणा. बशांवर मी चिठ्ठ्या लावल्या होत्या: ताण कमी, ताण मध्यम, ताण जास्त. बी सुप्याच्या माझ्या आत्याचं. माळावरच्या झाडांची लाल फळं वेचून, चोळून, धुऊन तिनं ते काढलेलं. ओंजळभर मला दिलं, बाकीचं गाडग्यात जपलं. पाऊस ओढ देणार अशी लक्षणं होती. हे बी कोरड्यात उगवेल का, एवढंच तिला माझ्याकडून हवं होतं.

बाराव्या दिवशी पाहते तर ‘ताण जास्त’च्या बशा कोंबांनी भरलेल्या! कागद मात्र गिच्च ओला, आणि बुरशीही सगळ्यांत जास्त तिथेच. माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती कोण जाणे. नाक दाबून मी बुरशी पुसली, कोंब मोजले आणि आत्याला फोन लावला. "पेर बिनधास्त. ह्या बियाला दुष्काळ कळतच नाही." सर इतके खूश झाले की त्यांनी पेढे मागवले.

पेढा घेऊन प्रयोगशाळेतले मामा माझ्या टेबलाशी आले. बशा धुणं, झाडलोट हे त्यांचं काम. घरी इंदापूरकडच्या बावड्याला डाळिंबाची बाग. "चिठ्ठी वाचली. म्हटलं, ताण लई झालाय, आता तोडाय पायजे. रोज सकाळी मीच पाणी दिलं बघा," ते अभिमानानं म्हणाले. "न्हायतर कुठलं उगवतंय?"

डाळिंबाला पाणी बंद करून ताण देतात आणि वेळेवर पाणी सोडून तो तोडतात, हे इंदापुरात शेंबडं पोरही सांगेल. मामांनी त्यांच्या परीनं चोख काम केलं होतं. घाण केली ती मी. त्याच मिनिटाला आत्याला फोन करायला हवा होता. पण समोर सर पेढे वाटत होते. मी माझा पेढा गिळला आणि मामांना म्हटलं, "कुणाला बोलू नका." आज सांगू, उद्या सांगू करत आठवडा गेला. हे लिहितानाही मला माझी शिसारी येते.

आत्यानं गाडगं रिकामं केलं. एक भुरभुर आली आणि आभाळ कोरडं झालं. महिन्याभरानं ती बारामतीला आली, पदराची गाठ सोडून मूठभर माती तिनं माझ्या टेबलावर ठेवली. त्यात बी होतं, फुगून, बुरशी धरून मेलेलं. वास माझ्या बशांचाच.

"तुझ्या बशीत उगवलं व्हतं नव्हं?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हणाले.

तिनं माती परत पदरात भरली. टेबल हातानं पुसलं.

"मग माझंच पेरायला कायतरी चुकलं आसंल, बाई."