हिरडा आत, माणसं बाहेर

शनिवारी पहाटे निगडीहून निघालो, तेव्हा टेम्पोवर बांधलेले पारदर्शक पत्रे गाडीपेक्षा तीन फूट लांब होते आणि त्यांच्या टोकाला याकूबभाईंनी बायकोची लाल ओढणी बांधली होती. लांब मालाला लाल कापड लागतं, हा नियम मलाही माहीत आहे. ओढणी कुणाला विचारून आणली, एवढं मात्र मी विचारलं नाही.

याकूबभाईंचं काळेवाडीत फॅब्रिकेशनचं दुकान आहे. मी चाकणच्या एका कारखान्यात पॅकिंगची मापं आणि वजनं बघतो. आमच्या विभागात कंत्राटावर असलेला दत्तू भीमाशंकरच्या बाजूच्या एका डोंगरवाडीचा. तिथल्या घरांचा मोठा आधार म्हणजे हिरडा (औषधाला लागणारं रानफळ, कोवळं असतानाच गोळा करून वाळवतात). पूर्वी हिरड्याच्या दिवसांत ऊन खात्रीचं असायचं. आता वळीव केव्हाही येतो. गेल्या वर्षी दत्तूच्या घरचा सगळा हिरडा अंगणात भिजला, त्याला बुरशी धरली आणि व्यापाऱ्याने हातसुद्धा लावला नाही.

हे ऐकून मी जेवणाच्या सुट्टीत एक वाळवणघर कागदावर काढलं: बारा फूट बाय आठ, उतरतं छप्पर, खाली हवा आत यायला झडपा, वर ती बाहेर जायला धुराडं. याकूबभाईंनी जुन्या पार्किंगचे उतरवलेले पत्रे मिळवले आणि सांगाडा सुट्या भागांत बनवून दिला. घाई होती, कारण दत्तूच्या कंत्राटाचा ब्रेक (दोन कंत्राटांमधली सक्तीची बिनपगारी सुट्टी) आठवड्यावर आला होता. त्याने चाकणला नवराबायकोपुरती एक खोली पाहून ठेवली होती आणि रविवारी संध्याकाळपर्यंत मालकाला हो की नाही ते सांगायचं होतं. त्याची बायको मंदा वर वाडीत, सासूजवळ. तिने फोनवर हिशेब सरळ सांगितला होता: हिरडा टिकला तर तू वर ये, नाही टिकला तर मी खाली येते.

दत्तूला रजा मिळाली नव्हती, म्हणून तो चाकणलाच राहिला. चाकणचा चौक नेहमीसारखा तुंबलेला होता. राजगुरुनगर सोडल्यावर रस्ता मोकळा झाला, चासकमानच्या पाण्याच्या कडेने वाऱ्याला गारवा आला आणि याकूबभाई गाऊ लागले. त्यांना गाता येत नाही. मलाही येत नाही, पण मीही गायलो. वाडा गावाच्या पुढे रस्ता अरुंद झाला, मग खडबडीत झाला आणि एका उंबराखाली संपला.

वाडी तिथून वर, पायवाटेने. पत्रे डोक्यावर घेऊन निघालो. मी वजन काढलं होतं. एक माणूस एक पत्रा सहज नेऊ शकतो. वारा मात्र हिशेबात धरला नव्हता. पहिल्याच वळणावर खिंडीतला वारा याकूबभाईंच्या पत्र्याखाली शिरला आणि भला दणकट माणूस, मागे सरकत सरकत, करवंदीच्या जाळीत जाऊन बसला. पत्रा त्यांनी सोडला नाही. जाळीतूनच म्हणाले, "राव, मी आता खाली उतरतो का वर उडतो, ते ठरवा."

वरून हसण्याचा आवाज आला. दत्तूची आई हौसाबाई, मंदा आणि वाडीतली वीसेक माणसं उतरत होती. त्यांनी एकेका पत्र्याला चार चार जण लावले आणि सामान वर पोचलंसुद्धा. हौसाबाईंनी कोरा चहा दिला, वर बोटाएवढा गुळाचा खडा. दुपारपर्यंत खळ्यावर सांगाडा उभा राहिला. छपराला शेवटचा बोल्ट लावायची वेळ आली, तेव्हा तो नव्हता. मी घरी तीनदा मोजले होते. याकूबभाई माझ्याकडे पाहून मान डोलावत राहिले. भोक तसंच राहिलं.

अंगणातला अर्धवट वाळलेला हिरडा आत एकावर एक बसवलेल्या जाळ्यांवर पसरला. मी सगळ्यांना उभं करून नियम सांगितले. त्यातला मुख्य असा की आत ओल जाता कामा नये. ओल्या हाताने, ओल्या अंगाने कुणीही दार उघडायचं नाही. माझा आवाज जरा चढला असावा, कारण एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून उभे राहिले.

रात्री नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि नंतर अळू (भाजीचं नव्हे, झाडाला लागणारं रानफळ). जेवताना कळलं की आज जे झालं त्याला पडकई म्हणतात (सगळ्यांनी मिळून एकाचं काम करायचं, मग त्याने इतरांच्या कामाला जायचं). वाडीने आमचं सामान वाहिलं होतं. म्हणजे उद्या आम्ही शेजारच्या ठमाबाईंच्या खाचरावर (उतारावरचा भाताचा सपाट तुकडा). मागच्या पावसाळ्यात एका रात्रीत इतका पाऊस कोसळला की तिथला बांध मातीसकट वाहून गेला होता, तो यंदा रुंद आणि दगडी करायचा होता. मी सांगून पाहिलं की वाळवणघर आम्ही वाडीसाठीच आणलंय. हौसाबाई म्हणाल्या, "त्ये व्हय. पण दगुड कोण उचलायचा?"

रविवारी सकाळपासून दगड उचलले. माझे दगड इतरांच्या मानाने लहान होते, पण चौकोनी बघून निवडलेले होते आणि ते नेमके बसत होते. ठमाबाईंनी ते लक्षात घेऊन मला कोपऱ्याच्या कामाला लावलं. बढती मिळाल्यावर होतो तेवढा आनंद झाला.

दुपारी पश्चिमेकडून ढग आले आणि बघता बघता गारांसकट वळीव कोसळला. आम्ही सगळे खळ्याकडे धावलो. आडोसा म्हणून तेवढंच जवळ होतं. मंदा आमच्या आधी, पावसाच्याही आधी पोचली होती. ती आत होती आणि दार बंद.

मी दार वाजवलं. आतून ती म्हणाली, "ओलं माणूस आत न्हाई."

"मंदा, गारा पडतायत."

"तुमीच सांगितलं व्हतं, दादा. कालच्याला."

पत्र्यातून दिसत होतं की ती एका पाटावर चढून, हात वर करून, त्या रिकाम्या भोकात अंगठा घालून उभी होती. खाली तिच्या पायाशी सहा जाळ्या हिरडा, कोरडा ठणठणीत. आणि बाहेर आम्ही सगळे. याकूबभाईंनी डोक्यावर दगड वाहायची पाटी पालथी घातली होती आणि तिच्यावर गारा ताशा वाजवत होत्या. हौसाबाईंनी डोक्यावर पदर घ्यायचाही सोडून दिला. प्रत्येक गडगडाटाला सगळे आत डोकावून हिरडा बघायचे आणि मग एकमेकांची अवस्था बघून हसायचे. मी माझ्या वयाचा विचार करता फार हसलो. पोटात दुखेपर्यंत, ठमाबाईंच्या खांद्याचा आधार घेऊन.

पाऊस जसा आला तसा गेला. ऊन पडलं, धुराड्यातून वाफ निघू लागली, मंदाने अंगठा काढला. तो पांढराफटक पडला होता. त्या जागी तिने मेण थापलं. मग सगळे वाट बघत बसले. ऊन उतरायला लागल्यावर हौसाबाईंनी पदराने हात कोरडे केले, दार उघडलं, वरच्या जाळीतून मूठभर हिरडा घेतला आणि कानाशी हलवला. वाळलेला हिरडा वाजतो. त्यांनी ती मूठ मंदाच्या हातात दिली.

वाडीत फोन लागतो तो एकाच कातळावर. मंदा तिथे गेली, मागून आम्ही. दत्तू काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. तिने फोन समोर धरला आणि मूठ त्याच्याजवळ नेऊन वाजवली. थोडं थांबली. पुन्हा वाजवली.

"परत वाजव म्हणतोय," ती आमच्याकडे वळून म्हणाली, आणि तिसऱ्यांदा वाजवली.

आम्ही उतरलो, तेव्हा अंग असं आंबलं होतं की याकूबभाईंनी क्लच दाबताना प्रत्येक वेळी अल्लाचं नाव घेतलं. चाकणच्या चौकात दिवे लागले होते. दत्तू वळकटी, स्टोव्ह आणि पत्र्याची पेटी घेऊन रस्त्याच्या कडेला उभा होता. खोलीवाल्याला नाही सांगून आला होता. ब्रेक सुरू व्हायला आठवडा असला, तरी सामान आत्ताच वर पाठवायचं. कामावरून सुटला की एका पिशवीनिशी निघता येईल. याकूबभाईंनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि टेम्पो वळवला.

मी बसने निगडीला आलो, उभा राहून. एका वळवावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. निदान तीन मोसम बघायला हवेत, जाळ्यांवरचं वजन नोंदवायला हवं, व्यापारी काय भाव देतो ते कळायला हवं. दत्तूलाही मी हे सगळं टेम्पोच्या खिडकीपाशी उभं राहून नीट समजावलं होतं. तो ऐकून घेत म्हणाला, "साहेब, ठमाबाईलाबी असलंच घर पायजे. आईनं सांगितलंय."

म्हणजे पुन्हा पत्रे, पुन्हा ती खिंड, आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी बांधावर दगड. बसमध्ये तळहातांवरचे फोड बघत मी नवं माप काढायला लागलो होतो.