दुसरं कडवं

आमच्या बँडचं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. आम्ही तिघे होतो. मी ऑर्गनवर, परळची एक मैत्रीण ड्रम्सवर, आणि लालबागचा माझा शाळेपासूनचा मित्र गिटार वाजवून गायचा. पन्नास वर्षांपूर्वीचे विलायती रॉक बँड वाजवायचे तसली लांबलचक, वळणं घेत जाणारी गाणी आम्हाला वेड लावायची. लोक चार रील बघतात तेवढ्यात आमचं गाणं नीट सुरूसुद्धा व्हायचं नाही.

अल्बम करायचा तर जुन्याच पद्धतीने, हा हट्ट माझा. कम्प्युटर नाही. सगळं टेपवर रेकॉर्ड करायचं आणि शेवटी तबकडी काढायची. माटुंग्यात एका म्हाताऱ्या रेकॉर्डिस्टकडे चालू टेप मशीन होतं. तिथे आम्ही तबकडीची अख्खी बाजू व्यापणारं एक गाणं केलं. त्यात शब्द अगदी कमी, दोनच कडवी. दोन्ही आमच्या गाणाऱ्या मित्राने लिहिलेली.

पहिलं छान झालं. दुसऱ्यात त्याचा दम तुटला. परत घेतलं, परत तुटला. पाचव्यांदा तो भिंतीला टेकून खालीच बसला.

"राहू दे ना असंच," तो म्हणाला. "माणूस गातोय, कळू दे."

"अरे, धाप ऐकू येतेय. सिगरेट सोड म्हणून किती वेळा सांगितलं तुला!"

तो हसला. "मग तू बघ. ऑर्गन टाक तिथे."

मी टाकला. टेप मागे नेली आणि त्याचा आवाज होता तिथेच ऑर्गन भरला. टेपवर एकदा पुसलं की गेलंच. माझ्या वाजवण्यावर मी त्या दिवशी खूशही होतो.

महिन्याभराने त्याच्या फुफ्फुसात गाठ निघाली. तबकड्या छापून आल्या तेव्हा त्याला जाऊन दीड महिना झाला होता.

एक तबकडी आणि माझा रेकॉर्ड प्लेअर घेऊन मी दुपारी त्याच्या चाळीत गेलो. त्याच्या आईने पदराला हात पुसून कव्हर हातात घेतलं.

"ह्यात तो गाता?"

"हो, काकी."

मी सुई ठेवली. आधी ऑर्गन, मग ड्रम्स, मग त्याची गिटार. काकी पुढे सरकून बसली. दारात शेजारीण आली, तिला काकीने हातानेच गप्प केलं.

"कधी येतलो?"

"येईल, काकी. अजून थोडं."

शब्दांआधीचं अकरा मिनिटांचं ते वाजवणं माझीच कल्पना होती. त्यातलं एकेक मिनिट मला नकोसं झालं. शेवटी त्याचा आवाज आला.

"इलो," काकी म्हणाली.

चार ओळी झाल्या आणि माझा ऑर्गन सुरू झाला. काकी तशीच वाट बघत राहिली, पार बाजू संपून सुई खरखरायला लागेपर्यंत.

"इतक्याच?"

हो म्हणून सुटता आलं असतं. पण मी सगळं सांगितलं. दुसरं कडवं, त्याची धाप, मी ते पुसलं ते.

"काय होता तेच्यात?"

मी आठवायचा प्रयत्न केला. एकही ओळ आठवेना. "नाही आठवत, काकी."

तिने कव्हर उलटून मागची बाजू पाहिली. तिला राग आला असता तर बरं झालं असतं.

"माका तो तसोच, धापेसकट चललो असतो रे," ती म्हणाली, आणि उठून चहाचं आधण ठेवायला गेली.

प्लेअर मी तिथेच ठेवून आलो. बँड तेव्हाच संपला. ड्रमर आता बँकेत असते, आमचं क्वचित बोलणं होतं. दिवाळीला चाळीत गेलो तेव्हा काकीने चकल्या दिल्या. चाळ पाडणार, ट्रान्झिट कॅम्पात जावं लागणार, एवढंच ती बोलत होती. ती कपाटातून बशी काढत असताना मला आत तबकडी दिसली, त्याच्या एक्स-रेच्या पाकिटांना लागून उभी ठेवलेली.